न पेटवता केलेली पारख

हातानं वळलेल्या तंबाखूची बरीचशी पारख काडेपेटी बाहेर निघण्याआधीच होऊन जाते. उंची सिगार हातात आली की हवानातला जाणकार ती लगेच शिलगावत नाही. आधी उजेडात धरून फिरवतो, दोन बोटांत हलकेच दाबतो, नाकाशी नेतो, टोक कापतो आणि न पेटवताच एक कोरडा झुरका घेऊन बघतो. पान किती मुरलंय, वळणाऱ्याचा हात कसा आहे आणि ही सिगार नीट जळेल की मध्येच रुसेल, हे त्याला एवढ्यावरच समजलेलं असतं. नंतरचा धूर बहुतेक वेळा या अंदाजावर शिक्कामोर्तब करतो.

ही पारख मी तपशिलात सांगणार आहे, पण क्युबातून नव्हे, सातपुड्यातून. हातानं वळून ओढायची जी वस्तू आपल्या देशात सर्वांत जास्त बनते ती बिडी. तिचं वेष्टन जंगलात उगवतं, आतली तंबाखू निपाणीसारख्या ठिकाणच्या काळ्या मातीत पिकते आणि ती वळणारे हात सोलापूर-सिन्नरच्या घरांतले असतात. सिगारच्या पारखीवर जाड पुस्तकं आणि गुळगुळीत मासिकं निघतात. बिडीची पारख मात्र ती वळणाऱ्या बायांच्या बोटांत आणि कारखान्याच्या तपासणीच्या टेबलावर राहिली, कागदावर फारशी उतरलीच नाही. या दोन पारखी शेजारी शेजारी ठेवल्या तर दोन्ही जास्त स्पष्ट दिसतात. तंबाखूचा धूर सिगारमधून आला काय किंवा बिडीतून आला काय, शरीराला घातकच आहे. सुदैवानं या विद्येचा मोठा भाग न ओढता शिकता येतो.

शहाद्याहून तोरणमाळला चढताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना शुष्क पानझडी जंगल लागतं. साग, सालई, मोह, चारोळी आणि त्यांच्यात अधूनमधून टेंभुर्णी. वर सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर यशवंत तलाव आणि गोरखनाथाचं मंदिर आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला येणाऱ्यांचं टेंभुर्णीकडे सहसा लक्ष जात नाही, कारण तेव्हा तिच्यावर जुनी, राठ पानं असतात किंवा ती उघडी पडलेली असते. तिला बघायचं तर उन्हाळा चढल्यावर. नवी पालवी तांबूस निघते, तिच्यावर बारीक मऊ लव असते आणि बघता बघता ती हिरवी, जाडसर आणि चामड्यासारखी चिवट होते. याच दिवसांत पिकणारी पिवळी टेंभुर्णं गोड आणि जराशी तुरट लागतात. व्यापारात या पानाला तेंदूपत्ता म्हणतात, शास्त्रात झाडाचं नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. हे झाड आबनूसच्या कुळातलं.

जंगलात पानांना तोटा नसताना बिडीसाठी हेच पान का, याचं उत्तर हातात घेतल्यावर मिळतं. ते पुरेसं मोठं असतं, त्यातून लांबट चौकोनी तुकडा नीट निघतो. शिरा फार जाड नसतात, त्यामुळे वळताना घडी फाटत नाही. वाळून पुन्हा भिजवलं तरी ते लवचिक होतं. साठवणीत लवकर कुजत नाही आणि स्वतःचा उग्र वास तंबाखूवर लादत नाही. दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो त्या आपट्याच्या पानाच्याही बिड्या वळल्या जातात, पण टेंभुर्णीपुढे आपटा टिकला नाही.

चांगलं पान आपोआप मिळत नाही. झाड मोठं झालं की पान राठ होतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी करतात आणि साधारण दीड महिन्यानं येणारी कोवळी पण पूर्ण वाढलेली पानं खुडतात. फार कोवळं पान वाळताना चुरगळतं, जून झालेलं वळताना तडकतं. मधली मुदत थोड्याच आठवड्यांची आणि वळवाच्या पावसाचं भय डोक्यावर. छाटणीचे कष्ट वाचवायला काही ठिकाणी जंगलाला आग लावतात. तिनं पालवी फुटते खरी, पण बाकीची रोपं, घरटी, जमिनीवरचा पाचोळा सगळं जातं. मला हा या धंद्यातला सर्वांत वाईट प्रकार वाटतो. खुडलेली पानं सत्तर-सत्तरच्या पुडक्यांत बांधून फडावर उन्हात मांडतात. महाराष्ट्रात अशी १,००० पुडकी म्हणजे एक मानक गोणी, म्हणजे ७०,००० पानं. प्रत्येक पान कुणीतरी उन्हात वाकून, डोळ्यांनी निवडून तोडलेलं असतं. पहिली पारख इथे, झाडाखाली होते.

१९६९ च्या वनोपज व्यापार कायद्यानं महाराष्ट्रात या पानाचा व्यापार शासनाच्या हाती गेला. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर गडचिरोली-गोंदियाकडच्या अनेक ग्रामसभा पानं स्वतः लिलावात विकू लागल्या. तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात आहे तोही अनुसूचित क्षेत्रातच मोडतो.

सिगारमध्ये वेष्टनाचं पानही तंबाखूचंच असतं, हा बिडीशी तिचा मूळचा फरक. सिगारचे थर तीन. आत लांब पानांचं भरण, त्यावर ते घट्ट धरणारं बांधाचं पान आणि सर्वांत वर वेष्टन. वेष्टनाचं पान सर्वांत देखणं आणि महागडं. त्यावर भोक, डाग, जाड शीर चालत नाही. काही ठिकाणी त्यासाठी झाडं कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे ऊन गाळून येतं आणि पान पातळ राहतं.

भरणात झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं मिसळतात आणि सिगारचं निम्मं शास्त्र या मिश्रणात आहे. क्युबात खालच्या पानांना व्होलादो म्हणतात. ती सौम्य असतात आणि चांगली जळतात. मधली पानं सेको, ती सुगंध देतात. शेंड्याजवळच्या पानांवर ऊन सर्वांत जास्त पडतं, म्हणून ती जाड, तेलकट आणि तीव्र होतात. त्यांचं नाव लिगेरो. लिगेरो हळू जळतं, त्यामुळे ते नेहमी मधोमध ठेवायचं, कडेला आलं की सिगार एका बाजूनं मागे राहते.

बिडीच्या तंबाखूला अशी लांब पानं नकोत, तिला रवाळ चुरा हवा. पण पारख इथेही शेतातच सुरू होते. निपाणी भागात शेंडा खुडून आणि फुटवे काढून झाडाची सगळी ताकद मोजक्या पानांत साठवतात. पान पक्व झालं की त्यावर तांबूस ठिपके उमटतात आणि ते खडबडीत होतं. अनोळखी माणसाला हे ठिपके रोगाचे वाटतील. शेतकऱ्याला ते पान तयार झाल्याची खूण म्हणून हवे असतात. कापलेली झाडं उन्हात वाळवतात आणि मग वखारीत पान, देठ आणि काडी वेगळी करून चाळतात. सगळ्या चाळण्या झाल्यावर मालाचा दर्जा ठरतो आणि दर्जावर भाव.

हा दर्जा ठरवतो कोण, यावरून निपाणीत रक्त सांडलंय. व्यापारी वजनात आणि भावात मनमानी कपात करतात, म्हणून १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात १२ शेतकरी मेले. त्याच सुमारास वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांचीही संघटना उभी राहिली होती. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. चाळणीखालची धूळ नाकातोंडात घेत या बाया काम करत. तंबाखूचा सर्वांत कडक वास त्यांच्या वाट्याला येई, आणि त्यासाठी कुणाला काही पेटवावं लागत नसे.

तंबाखू मुघल दरबारात पोचली तीही दख्खनमार्गे. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आला. तिथे त्यानं ती पाहिली आणि रत्नजडित हुक्क्यासकट बादशहापुढे नेऊन ठेवली. १६१७ मध्ये जहांगीरनं तिच्यावर बंदी घातली. बंदीचा उपयोग किती झाला ते चारशे वर्षांनी दिसतंच आहे.

आता प्रत्यक्ष पारखीकडे येऊ. समोर सिगार ठेवली आहे असं समजा. वेष्टन एकसारख्या रंगाचं आहे का आणि त्यावर तेलाची मंद झाक आहे का, ते आधी बघा. कोरडं, निस्तेज, भेगाळलेलं वेष्टन म्हणजे साठवणीत ओल टिकली नाही. चांगली साठवण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत होते. आपल्या उन्हाळ्यात उघडी ठेवलेली सिगार काही दिवसांत कुरकुरीत होते आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरते. शिरा बारीक आणि शक्यतो सिगारच्या लांबीच्या दिशेनं हव्यात. डोक्याकडची टोपी, म्हणजे गोंदानं चिकटवलेला पानाचा छोटा तुकडा, सुरकुती न पडता बसलेली हवी. वळणाऱ्याच्या कसबाची सही तीच.

मग बोटं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पायापासून, म्हणजे पेटवायच्या टोकापासून, डोक्यापर्यंत हळूहळू दाबत जा. दाबल्यावर किंचित आत जाऊन परत यायला हवं. कुठे गाठ लागली तर तिथे धूर अडेल, कुठे पोकळ लागलं तर तिथे आग धावेल आणि धूर गरम, तिखट होईल. नवशिक्यानं दोन-तीन वेगवेगळ्या सिगार एकापाठोपाठ दाबून पाहाव्यात. एकट्या सिगारवरून बोट शिकत नाही, ते तुलनेनं शिकतं.

पुढे वास. वेष्टनाचा वेगळा आणि पायाकडच्या उघड्या भरणाचा वेगळा घ्यायचा. नीट मुरलेल्या पानाला गवत, कोको, ओलं लाकूड, गोठ्यातली वाळली वैरण अशा वासांच्या छटा असतात. अमोनियाचा झणझणीत वास आला तर मुरवण अपुरी. वाळलेल्या पानांच्या मोठ्या थप्प्या रचून त्यांना आपल्याच उबेनं तापू देतात, ठराविक उष्णता चढली की थप्पी मोडून पानं वर-खाली करतात आणि पुन्हा रचतात. या प्रक्रियेत अमोनिया निघून जातो आणि कडूपणा उतरतो. घाईनं बाजारात आणलेल्या सिगारमध्ये हा अमोनिया उरतो. तो ओळखायला नाक पुरतं.

शेवटी टोक कापून कोरडा झुरका. हवा हलक्या अटकावानं आली पाहिजे. फार सहज आली तर भरण सैल, अजिबात आली नाही तर घट्ट. या झुरक्यात पानाची कच्ची चवही जिभेवर येते. कारखान्यांत हीच चाचणी आता यंत्रावर होते, पण ते यंत्रही हवेचा दाब मोजण्यापलीकडे काही सांगत नाही.

बिडीला यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं, फक्त मापं लहान. एका बिडीत साधारण पाव ग्रॅमच्या आत तंबाखू. सोलापुरात पद्मशाली आणि इतर समाजांतल्या बायका मांडीवर सूप घेऊन बसतात. त्यात भिजवून मऊ केलेली पानं, तंबाखू, कात्री आणि दोरा असतो. पत्र्याच्या मापावर पान कापायचं, त्यावर तंबाखू सारखी पसरायची, एका टोकाला निमुळती होईल अशी वळायची, रुंद टोकाची कड नखानं किंवा छोट्या लोखंडी पट्टीनं आत दुमडायची आणि दोऱ्यानं बांधायची. सराईत बाई दिवसाला आठशे ते हजार वळते. पानाची खरबरीत बाजू कुठे ठेवायची, शीर कुठल्या दिशेला घ्यायची, दमट दिवसात पान किती भिजवायचं, हे ती बोलून दाखवत नाही, कारण बोटांना ते विचारावं लागत नाही.

क्युबात वळणाऱ्या कामगारांपुढे वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्यानं वाचायची प्रथा १८६५ पासून आहे. माँतेक्रिस्तो हे सिगारचं नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आलं. केरळात कण्णूरच्या बिडी कारखान्यांतही असा वाचक असे. सोलापुरात बहुतेक काम घरी चालतं, एकीकडे चूल आणि पोरं सांभाळत, त्यामुळे तिथे असं एकत्र ऐकणं रुजायला जागा कमी.

वळलेल्या बिड्या कारखान्यात गेल्या की तपासणी सुरू होते. तपासणारा जुडी उचलतो, वजनाचा अंदाज घेतो, टोकं समोर धरून बघतो, मधलीच एखादी काढून चिमटीत दाबतो. पान फाटकं, लांबी कमी-जास्त, तंबाखू सैल, टोक नीट न दुमडलेलं, दोरा ढिला, यांपैकी काहीही दिसलं की बिडी ‘छाट’. हे मूल्यमापन सिगारच्या मासिकांतल्या १०० गुणांच्या मोजणीइतकंच बारकाईचं आहे आणि वेग कितीतरी पट जास्त. मासिकातल्या परीक्षकाच्या हाती सिगार येण्याआधीच तिचा मूळ कागदी पट्टा दुसरं कुणीतरी काढून टाकतं. कुठली सिगार कुणाची हे कळू नये, म्हणजे नावाचा प्रभाव पडू नये, यासाठी ही खबरदारी. बिडीच्या टेबलावर मात्र कुठली जुडी कुणी आणली हे तपासणाऱ्याला नेहमी ठाऊक असतं, आणि जिची जुडी आहे ती बाई समोर उभी असते.

पेटवल्यावर काय होतं तेही समजून घेतलं पाहिजे, कारण चवीचं रहस्य आणि अपायाचं कारण तिथे एकत्र येतात. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखते. सिगारमधले कॉफी, चामडं, मिरी, सुकामेवा हे सगळे वास आहेत, ते तोंडामागच्या वाटेनं नाकात पोचतात. म्हणून जाणकार थोडा धूर नाकातून सोडतो. सिगारचे तीन भाग मानतात. पहिला हलका, दुसरा भरलेला, तिसरा तीव्र, कारण गरम डांबर आणि निकोटिन उरलेल्या भागात साठत जातं. लांब पानांच्या भरणाची राख दोन-तीन सेंटीमीटर टिकते, चुऱ्याची लगेच झडते. राखेचा रंग मातीतल्या खनिजांवर जातो. पोटॅशियमनं पान चांगलं जळतं, क्लोराइडनं जळणं बिघडतं. म्हणून तंबाखूला पोटॅश देताना शेतकरी क्लोराइडऐवजी सल्फेट निवडतो. आग एका बाजूनं पळाली किंवा मधोमध बोगदा पडला तर दोष वळण्यात किंवा ओलीत शोधायचा.

सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडात खेळवतात. पान हवेत सावकाश वाळताना त्यातली साखर खर्ची पडते आणि धूर अल्कधर्मी होतो. अल्कधर्मी धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं. सिगरेटचं पान भट्टीच्या उष्णतेत झटपट वाळवतात, त्यात साखर टिकते, धूर आम्लधर्मी होतो आणि तो छातीत ओढल्याशिवाय ओढणाऱ्याला समाधान मिळत नाही. सिगारवाल्याची ही युक्ती आपल्या गावोगावच्या तळहातांवर रोज चालते. तंबाखूत चुना मळला की तीही अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळं होतं आणि गालातून रक्तात जातं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि न ओढता खाणारे २४.४ टक्के. हवानाचा धूर आणि आपली चिमूट, दोन्हींना तोंडाचा कर्करोग जोडलेला आहे.

बिडीची गोष्ट आणखी अवघड. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज आत शिरत नाही, म्हणून झुरका थांबला की बिडी विझते. ती पेटती ठेवायला लवकर लवकर आणि जोरात ओढावं लागतं. त्यामुळे आत तंबाखू सिगरेटच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटइतकंच किंवा त्याहून जास्त छातीत जातं. वळताना जो चिवटपणा गुण ठरला, तोच ओढणाऱ्याला नडतो.

छाट बिडीचं पुढे काय होतं, हा प्रश्न सिगारच्या पुस्तकात येत नाही. तिथे सदोष सिगार परत जाते किंवा स्वस्तात विकली जाते आणि वळणाऱ्याचा विषय संपतो. आपल्याकडे या प्रश्नाला कायद्यात यावं लागलं. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याच्या ३९ व्या कलमानं मालकानं दिलेला कच्चा माल, नाकारलेल्या बिड्या आणि त्या नाकारलेल्या बिड्यांची मजुरी या तीन गोष्टींवरचे वाद वेगळे नोंदवले आणि ते सोडवायला यंत्रणा नेमायला सांगितलं. या तिन्ही वादांचं मूळ पारखीतच आहे. पान खराब आलं तर वळणारी जास्त पानं वाया घालवते, तंबाखू कमी मिळाली तर बिडी सैल होते आणि दोन्ही वेळा छाट तिच्या नावावर चढते. म्हणून अनुभवी बाई कारखान्यातून पानांची पुडकी घेतानाच एखादं सोडून बघते, पान उजेडाकडे धरते, बोटांत वाकवते, कडेनं तडकतंय का ते पाहते, आणि पसंत पडलं नाही तर तिथेच बदलून मागते.